डोंगर संपायच्या आत

पंचफुलाबाई बोरकरांना खाली बसून जेवताना आमच्या लाइनीत कुणी पाहिलं नव्हतं. ताट हातात घेऊन त्या क्वार्टरच्या दारात उभ्या राहायच्या. दोन घास खायच्या, मागच्या अंगणात जाऊन यायच्या, पुन्हा दोन घास. मरोदा स्टेशनाजवळच्या त्या रेल्वे क्वार्टरांत सगळी बिऱ्हाडं गोंदिया, तुमसर, भंडाऱ्याकडची. पलीकडे भिलाईचा कारखाना रोज थोडा थोडा उंच होत होता, आणि आमच्या दारावरून राजहऱ्याच्या मालगाड्या जायच्या. उघड्या वॅगनींत तांबडा दगड भरलेला. गाडीची चाहूल लागली की पंचफुलाबाई हातातलं काम टाकून कुंपणाशी धावत. गाडी निघून गेल्यावरही तिथंच उभ्या.

"काय पायता हो रोज रोज?" माझी आई विचारायची.

"डोंगर जाऊन राहिला बाई," त्या म्हणायच्या. "पहा ना, अख्खा डोंगर जाऊन राहिला."

बायका हसायच्या. आई हसायची नाही, कारण तिला सगळं ठाऊक होतं.

पंचफुलाबाईंची पहिली दोन मुलं जन्मतानाच गेली होती. त्यानंतर त्यांना दुर्गच्या बिऱ्हाडात एकटं राहवेना. त्यांचा नवरा देवीदास तेव्हा नव्या लाइनीच्या गँगमध्ये होता. भिलाईला कारखाना यायचा म्हणजे राजहऱ्याच्या डोंगरातला लोखंडी दगड आणायला रूळ हवेत. ते टाकायचं काम जंगलातून चाललं होतं. छप्पन सालच्या उन्हाळ्यात देवीदास तिकडच्या तंबूत राहायला गेला, तर या पण पेटी उचलून त्याच्या मागं गेल्या. बायकामाणसांनी तिथं राहू नये असं मुकादम म्हणाला. पंचफुलाबाईंनी तंबूबाहेर चूल मांडली आणि त्यालाच भाकरी वाढली.

डोंगराखालच्या गावातली रुक्मा नावाची बाई तंबूवर चारोळी आणि दूध विकायला यायची. एकीला मराठी येत नव्हती, दुसरीला छत्तीसगढी, पण दोघींची मैत्री जमली. एक दिवस रुक्मा त्यांना डोंगरावर घेऊन गेली. साजाच्या जुन्या झाडाखाली शेंदूर लावलेला दगड होता. गावाची माई. खाली नजर पोचेल तिथवर जंगल, आणि त्यातून आलेली नव्या रुळांच्या भरावाची तांबडी रेघ.

पंचफुलाबाईंनी पदर पसरला. "एक जगणारं दे, माये. थे आपल्या पायानं चालत तुह्यापाशी येईल. कोणाच्या कडेवर नाई." गेलेल्या दोघांनी जमिनीला पाय लावला नव्हता, म्हणून तोंडून तेवढंच निघालं.

पुढच्या वर्षी विजया झाली. काळीसावळी, मोठ्या डोळ्यांची, रडणं असं की सिग्नलपर्यंत ऐकू यावं. वर्षाची व्हायच्या आधीच ती भिंत धरून उभी राहिली आणि पंचफुलाबाई नवऱ्याच्या मागं लागल्या.

"चालाले लागली आता. नेऊन येऊ ना."

"एवढीशी पोट्टी डोंगर चढन का?" देवीदास म्हणाला. तो शांत माणूस. गँगमधून आता त्याला मरोद्याच्या केबिनीत घेतलं होतं, तिथं तो सिग्नलचे खटके ओढायचा. "पुढल्या साली जाऊ. डोंगर काय पळून चालला?"

पण पुढच्या साली विजयाला ताप आला. ताप उतरला तेव्हा उजवा पाय लुळा पडला होता. उभी केली की पोर चिंधीसारखी खाली यायची. त्याच दिवसांत कारखान्याची पहिली भट्टी पेटली, आणि राजहऱ्याहून दगडाच्या गाड्या एकामागून एक सुरू झाल्या.

तिथून पंचफुलाबाईंची झोप उडाली. त्या पोरीला घेऊन उतईच्या बाजारात बसणाऱ्या एका मालिशवाल्या म्हाताऱ्याकडे गेल्या. मोहाचं तेल आणलं, कुणी सांगितलं म्हणून कोंबडीची चरबी आणली, रायपूरला एका वैद्याकडे जाऊन आल्या. रोज सकाळी पायरीवर पोरीचा पाय मांडीवर घेऊन चोळत बसायच्या. बसलेल्या दिसायच्या त्या तेवढ्याच. मान मात्र रुळांकडे. दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, पायात पहिलं बळ येणार नाही, पण आधार बांधला आणि रोज चालवलं तर पोरगी चालेल.

लोको शेडमधले भाऊराव फिटर आमच्याच लाइनीत राहायचे. त्यांनी दोन लोखंडी पट्ट्या घासून गुळगुळीत केल्या, चामड्याचे पट्टे लावले आणि बुटाला जोडून दिल्या. ते बांधलं की पाय ताठ राहायचा. विजया आधी भिंतीला धरून चालली, मग अंगणातल्या दोरीला धरून, मग नळापर्यंत. चालताना पट्टी खट्खट् वाजायची. ती पडली की पंचफुलाबाई ओरडायच्या, "ऊठ! ऊठ लवकर! वर जाचं आहे ना आपल्याले?" त्या आवाजानं आम्ही पोरंसुद्धा उठून उभी राहायचो.

विजयाला डोंगर म्हणजे काय हे माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की वर जायचं आहे.

बासष्टच्या थंडीत राजहऱ्याहून आलेल्या एका गार्डनं देवीदासला सहज सांगितलं की तिकडे आता दगड खोदायचं मोठं मशीन आलं आहे आणि डोंगराचं डोकं सपाट करून टाकलं आहे. देवीदासनं ते घरी येऊन सहजच सांगितलं. पंचफुलाबाईंच्या हातातली परात खाली पडली.

"उद्या जातो आमी."

"उद्या माही ड्यूटी आहे. आणि तिथं सुरुंग लावून राहिले. आत सोडत नाई कोणाले."

"मंग कवा? सपाट झाल्यावर?"

"अवं, डोंगर काय पळून चालला का?"

"हाव!" त्या म्हणाल्या. "पळून चालला. तुमच्याच केबिनीखालून चालला. तुमीच सिग्नल देता त्याले."

देवीदासनं खाली पडलेली परात उचलून ठेवली. पत्र्याच्या भिंतीपलीकडे आम्हांला सगळं ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर पंचफुलाबाईंनी माझ्या आईकडे किल्ली दिली. "त्यांनी विचारलं तर सांगजा, संध्याकाळच्या गाडीनं येतो म्हणून." एका हातात नारळाची पिशवी, दुसऱ्या हातात विजयाचं बोट. कामगारांना नेणाऱ्या गाडीच्या डब्यात त्या चढल्या. पुढचं सगळं त्यांनीच आईला सांगितलं, आणि विजयानं मला.

गाडीत त्यांना बसायला जागा मिळाली होती, पण त्या दारातच उभ्या राहिल्या. गुंडरदेही गेलं, बालोद गेलं. विजया खिडकीतून दर टेकाडाकडे बोट दाखवून विचारायची, "हा का, आई?" "नाई. हा नाई." कुसुमकसाच्या पुढं दोन्हीकडे जंगल दाटलं, आणि मग एकदम थांबलं. समोर तांबडी भिंत उभी होती. तिला जिन्यासारख्या पायऱ्या पाडल्या होत्या आणि त्यांवरून डंपर मुंग्यांसारखे वर-खाली चालले होते. विजयानं विचारलं नाही. पंचफुलाबाईंनाही तो डोंगर ओळखता आला नाही.

तंबू होते तिथं झोपड्यांच्या रांगा झाल्या होत्या. रस्त्यावर आडवा बांबू टाकलेला आणि बाजूला लाल झेंडी घेऊन चौकीदार बसलेला. सगळे त्याला भय्याजी म्हणत होते.

"अंदर नहीं, बाई," तो म्हणाला. "दोपहर को पत्थर फूटेगा."

"मेरे को ऊपर जाना है. माई के पास. मन्नत है मेरी."

"ऊपर कोई माई-वाई नहीं है. मशीन है."

पंचफुलाबाई त्याच्याशी हुज्जत घालत असताना टोपल्या डोक्यावर घेऊन रेजांची रांग तिथून चालली होती. दगड फोडणाऱ्या, वाहणाऱ्या बाया. सगळ्यांचे चेहरे, लुगडी, पापण्यासुद्धा तांबड्या. त्यातली एक थांबली, टोपली खाली टाकली आणि ओरडली, "दीदी!"

ती रुक्मा होती. दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या, पंचफुलाबाईंच्या पातळावर तांबडे हात उमटले. रुक्मानं विजयाकडे पाहिलं, पायाच्या पट्ट्यांकडे पाहिलं, आणि पिशवीतल्या नारळाकडे पाहून तिला सगळं कळलं.

"माई तो उतर गे, दीदी," ती हळूच म्हणाली.

मग तिनं सांगितलं. मशीन साजाच्या झाडापर्यंत पोचलं, तेव्हा सुरुंगाची वात पेटवायला कुणी तयार होईना. काम अडलं. शेवटी गावच्या बैगानं, म्हणजे पुजाऱ्यानं, माईची पूजा केली, दगड डोक्यावर घेतला आणि वाजतगाजत खाली नाल्याकाठी मोहाच्या झाडाखाली नेऊन बसवला. इथून नाला दिसत होता. रस्ता सपाट. विजया सहज चालत गेली असती.

पंचफुलाबाई रस्त्यातच मटकन बसल्या. एवढी वर्षं ज्याची धास्ती घेतली ते झालंच होतं. आणि तरी माई होती, जवळ होती, सोप्या वाटेवर होती. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्यांना वाटलं नाही.

"चल बेटा," त्या उठत म्हणाल्या. "माई खाली आली. तिकडं जाऊ."

विजया हलली नाही. "पण आपल्याले वर जाचं होतं."

"आता वर काई नाई."

"तू म्हणत होती वर जाचं आहे. रोज म्हणत होती." ती वळली आणि खट्खट् करत बांबूखालून आत शिरली.

भय्याजी उठला, झेंडी हलवायला लागला. रुक्मा त्याच्या आडवी उभी राहिली आणि भराभर काय काय बोलली. त्यातलं पंचफुलाबाईंना अर्धंच समजलं. मूल, पाय, माई, आणि तुझ्याही घरी लेकरं आहेत ना. भय्याजीनं डंपरच्या रस्त्यावरून चाललेल्या त्या पोरीकडे बराच वेळ पाहिलं.

"भोंपू बजने के पहले नीचे," तो म्हणाला. "मेरी नौकरी जाएगी, बाई."

तिघी वर निघाल्या. पुढं विजया, मागं पंचफुलाबाई, त्यांच्या मागं डोक्यावरच्या टोपलीत नारळ घेऊन रुक्मा. रस्ता रुंद, पण चढ दमवणारा आणि धूळ घोट्यापर्यंत. नळापर्यंत चालायची सवय असलेली पोर पहिल्याच वळणावर धापा टाकायला लागली. दुसऱ्या वळणावर पडली. पंचफुलाबाई धावल्या.

"हात नको लावू!" विजया किंचाळली. "कडेवर नाई जाचं!"

पंचफुलाबाईंनी हात मागं घेतला. घरी हीच पोर पडली की त्याच ओरडायच्या, आणि इथं त्यांचे हात आपोआप पुढं जात होते. शेवटी त्यांनी पदराचं टोक दोन्ही मुठींत घट्ट गुंडाळून धरलं.

एक डंपर थांबला. सरदारजी ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. "बच्ची को बिठा दो बहनजी, ऊपर छोड़ देता हूँ."

विजयानं जोरजोरात मान हलवली. सरदारजी हसला, आणि तिच्यावर धूळ उडू नये म्हणून तिला पुढं जाऊ देऊन मागून अगदी हळू गाडी घेऊन आला. त्याच्या मागं आणखी दोन डंपर अडकले, पण कुणी हॉर्न वाजवला नाही.

गुडघ्यामागं पट्टा घासून रक्त आलं होतं. पंचफुलाबाईंना ते दिसत होतं. त्यांनी एकदा म्हटलं, "बस कर आता विजे. माईले मी सांगतो." पोरीनं ऐकलं नाही. त्यांनी आकाशाकडे पाहिलं, सूर्य माथ्यावरून कलला होता. भोंगा कधीही झाला असता. खाली न्यावं तर पोर ऐकत नव्हती, वर जावं तर वेळ नव्हता. पायाखालचा डोंगरसुद्धा स्थिर नव्हता. कुठंतरी मशीन चालू होतं आणि त्याची थरथर टाचेतून वर येत होती.

शेवटचा तुकडा सुट्या दगडांचा होता. तिथं विजयाचा ताठ पाय टिकेना. तिनं दोन्ही हात टेकले आणि ती रांगत, सरपटत चढायला लागली.

"हे चालन का वं?" पंचफुलाबाईंनी रुक्माला विचारलं. "पायानं येईल म्हणलं होतं मी. हे हातानं जाऊन राहिली."

"गोड़ तो ओखरेच आय," रुक्मा म्हणाली. पाय तर तिचेच आहेत.

वर खळ्यासारखं मोठं सपाट मैदान होतं. झाड नाही, गवत नाही. मशीन एका कडेला मान खाली घालून उभं होतं, माणसं जेवायला गेली होती. विजया मैदानाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. चेहरा, केस, फ्रॉक, सगळं तांबडं.

"कुठं होती माई?" तिनं विचारलं.

रुक्मानं इकडंतिकडं पाहिलं. मग तिनं हात वर केला, डोक्याच्याही बराच वर, जिथं काहीच नव्हतं. "ओदे, ओ जघा." ती तिथं, त्या जागी.

पंचफुलाबाईंनी तिच्या बोटाच्या दिशेनं पाहिलं. निळी हवा होती. ज्या जमिनीवर त्या पदर पसरून बसल्या होत्या ती जमीन कधीकाळी तिथं होती, आणि ती त्यांच्या दारावरून केव्हाच निघून गेली होती. कुठल्या दिवशीच्या गाडीत गेली असेल, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी नारळ काढला, पण तो कुठं ठेवावा कळेना.

तेवढ्यात भोंगा झाला.

तो आवाज ऐकून पंचफुलाबाईंनी पोरीला उचललं आणि धूम ठोकली. विजया लाथा झाडत होती, पट्टी त्यांच्या कमरेवर आपटत होती. "कडेवर नाई! कडेवर नाई!"

"चढाचं बोलली होती मी!" पळता पळता पंचफुलाबाई ओरडल्या. "उतराचं नव्हती बोलली!"

पहिल्याच वळणावर जुन्या स्लीपरांची आणि पत्र्याची एक खोप होती, सुरुंगाच्या वेळी आडोशाला. रुक्मानं दोघींना आत ढकललं. आधी जमीन हलली, मग आवाज आला. पत्र्यावर दगड पडायला लागले, मूठ मूठ भर खडे, मग एक मोठा, ज्यानं पत्रा आत वाकला. पंचफुलाबाई पोरीवर ओणव्या झाल्या होत्या. त्यांच्या पोटाखालून विजयाचा आवाज आला.

"आई, अजून एक होईल का?"

खाली आल्यावर भय्याजीनं पोरीला माठातलं पाणी दिलं.

नाल्याकाठी मोहाखाली माई होती. तोच दगड, पण शेंदूर ताजा. आजूबाजूला बिडीची थोटकं, चुलीची राख. पंचफुलाबाई पुढं उभ्या राहिल्या आणि भांडायला लागल्या.

"तू खाली उतरली तर मले कावून नाई सांगतलं? पोट्टीचे गुडघे फुटले. वर गेलो तर तू घरी नाई!" मग त्यांचा आवाज बसला. "पायानं आली. थोडी हातानं. आता तूच पहा काय थे."

नारळ फोडला. खोबऱ्याचा पहिला तुकडा माईला, दुसरा रुक्माला. निघताना रुक्मा म्हणाली, दगडमाती टाकायला हा नालाही लागणार आहे म्हणतात. माई पुन्हा हलेल. कुठं जाईल, ते निरोप धाडून कळवीन.

परतीच्या गाडीत विजया झोपली. पंचफुलाबाई दारात उभ्या. नवस फिटला की नाही, हे त्यांनी डब्यातल्या एका म्हातारीला विचारलं. ती म्हणाली फिटला. मग एका भजन करणाऱ्या फिटरला विचारलं. तो म्हणाला, देवाचं देव जाणे. त्यामुळं त्या पुन्हा म्हातारीकडे गेल्या.

झोपलेल्या विजयाला खांद्यावर घेऊन त्या मरोद्याला उतरल्या तेव्हा दिवस मावळत होता. देवीदास फलाटावर उभा होता. ड्यूटी संपवून तो घरी गेलाच नव्हता. त्यानं बायकोकडे पाहिलं, पोरीचे गुडघे पाहिले.

"चालली?"

"चालली."

"पुरी?"

"शेवटी हात टेकले तिनं."

"माई काय मोजत बसते का?" देवीदास म्हणाला. त्यानं विजयाला उचलायला हात पुढं केले. ती झोपेतच होती, पण तिनं हात झिडकारले आणि उतरून चालायला लागली. तो तिच्या वेगानं, एकेक पाऊल टाकत, क्वार्टरपर्यंत आला.

पंचफुलाबाई शांत झाल्या असतील असं आम्हांला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. काही महिन्यांत रुक्माचा निरोप आला, माई टेकडीपलीकडे गेली आहे. त्या गेल्या. पुढंही ती दोनदा हलली, आणि दोन्ही वेळा या नारळ घेऊन शोधत गेल्या, कधी रुक्माकडे राहिल्या, एकदा देवीदासला घेऊन.

विजयाला मात्र घर पुरेना. तिला रुआबांध्याच्या रस्त्यापर्यंत जायचं असे, नाहीतर नव्यानं बांधलेल्या सेक्टरांतल्या क्वार्टरांच्या गच्च्यांवर. शाळेत शिक्षक तिला पहिल्या बाकावर बसवायचे, ती उठून वरच्या वर्गाच्या जिन्यात जाऊन बसायची. पुढं ती दुर्गच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली, पहिल्या मजल्यावर. साहेबांनी खालच्या खोलीत काम देऊ केलं तेव्हा तिनं नको म्हणून लिहून दिलं.

ती लहान होती त्या वर्षांतली दुपार मला आठवते. पंचफुलाबाई ताट हातात घेऊन आमच्या दारात येत. "माही पोट्टी दिसली का वं तुले?"

मी पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवायची. टाकीच्या लोखंडी शिडीवर, अर्ध्यापेक्षा वर, निळा फ्रॉक दिसत असे.

"उतर! उतर वं बाई!" ताट पायरीवर टाकून पंचफुलाबाई धावत सुटत, आणि तोंडात घास असल्यामुळं पुढचं आम्हांला कधीच कळत नसे.